खालच्या डाव्या दाढेचा अभिप्राय

मुलांना तोंड उघडायला लावण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गावात कोणी नाही! ही बढाई नव्हे, माझा धंदा आहे. मी दातांचा डॉक्टर. त्यातही लहान मुलांचा जास्त. मोठी माणसं माझ्याकडे येतात ती मुलांना घेऊन, आणि माझी नजर त्यांच्या दातांकडे वळली की गप्पकन ओठ मिटून घेतात.

त्यामुळे माझी धाकटी बहीण तोंड पाडून दवाखान्यात आली आणि म्हणाली, "दादा, मला मुलांचे अभिप्राय हवेत," तेव्हा मला हसूच आलं.

"किती देऊ?" मी विचारलं. जणू आत पोती भरून ठेवली होती!

हिला घरात सगळे टिटवी म्हणतात. लहानपणी ही झोपेतसुद्धा बोलायची. मोठी झाल्यावर तिनं ती सगळी बडबड कागदावर उतरवायला घेतली आणि त्याची चक्क पुस्तकं झाली. 'परीराज्य तक्रार निवारण केंद्र' असं त्या मालिकेचं नाव. परीराज्यात एक खिडकी आहे, खिडकीत एक चुणचुणीत मुलगी बसते, आणि जुन्या गोष्टींतली मंडळी रांग लावून तिच्याकडे तक्रारी घेऊन येतात. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची पाठ धरलेली असते. बोलका आरसा रोज त्याच त्या प्रश्नाला कंटाळलेला असतो. आणि अधूनमधून एक राक्षस येतो, त्याला पाहून रांग पांगते. चार भाग निघाले होते, पाचवा लिहून होत आला होता.

एवढं सगळं मला पुस्तकांच्या मागच्या कव्हरवरून समजलं होतं. पुस्तकं आतून वाचलेली नव्हती. सख्ख्या बहिणीची आहेत म्हटल्यावर वाचायची घाई कशाला? ती काय पळून जाणार आहेत?

"पाचवा भाग छापायचा नाही म्हणतायत प्रकाशक," टिटवी म्हणाली. "मुलांना आवडतंय याला पुरावा काय, म्हणाले. चौथ्या भागावर एकच अभिप्राय आला. तोही आपल्या आत्याचा."

"काय लिहिलंय आत्यानं?"

"अक्षर मोठं आहे, त्यामुळे आवडलं."

मी गंभीर चेहरा ठेवला. सोपं नव्हतं ते.

"शिवाय राक्षस काढून टाका म्हणतात. पटत नाही म्हणे. माणसं खायला निघालेला राक्षस इतकं गोड बोलेल का, असा कोणी असतो का, असं विचारत होते."

"मग टाक ना काढून!" मी म्हणालो. "एका राक्षसानं काय अडतंय?"

टिटवीनं माझ्याकडे फार विचित्र नजरेनं पाहिलं. मग म्हणाली, "तो गेला तर मालिकेत राम नाही, दादा. तो जाणार असेल तर मी लिहिणंच सोडून देईन." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही पोरगी रडली की मला काही सुचत नाही. लहानपणीही सुचायचं नाही. तेव्हा मी तिला माझ्या वाटणीचं चॉकलेट द्यायचो, आता तिच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणालो, "तू घरी जा. निवांत झोप. तुझा भाऊ बसलाय इथे!"

दुसऱ्याच दिवशी मी बाहेरच्या खोलीतली जुनी मासिकं उचलली. किडक्या दातांचं मोठं चित्र भिंतीवरून काढलं. तिथे फळी ठोकली आणि तिच्यावर टिटवीचे चारही भाग, प्रत्येकी पाच-सहा प्रती, ओळीनं मांडले. योजना साधी होती. मुलं बाहेर बसून वाचणार, आत आली की मी फोनवर त्यांचे अभिप्राय टिपणार. खुर्चीवरचा दिवा इतका झकास असतो की फोटो काढायच्या दुकानातही तसा नसेल!

पहिली आली ती दोन वेण्यांवाली एक मुलगी. तिचं दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण वाचून झालं होतं. मी नेहमीप्रमाणे हात धुतले, तीनदा खाकरलो, एक जुनी चाल गुणगुणत खुर्चीजवळ गेलो आणि नेहमीचंच वाक्य म्हटलं, "घाबरायचं नाही. काही दुखणार नाही. नुसतं बघतो!"

मुलगी खुदकन हसली!

वीस वर्षांच्या धंद्यात या वाक्यावर आजवर कोणी हसलं नव्हतं. रडली होती, चावली होती, एकानं तर लाथ मारली होती. हसली ही पहिलीच. मला वाटलं, चला, वयाबरोबर माझ्या बोलण्यात काहीतरी गोडवा आलेला दिसतो.

मग दाढ भरली, आणि लगेच अभिप्राय टिपला. तशीच दिवसभरात बरीच मुलं झाली. संध्याकाळी सगळे व्हिडिओ एकगठ्ठा टिटवीला पाठवले, तिनं विश्वासानं ते जसेच्या तसे प्रकाशकांकडे पाठवले. भावावर इतका विश्वास टाकणाऱ्या बहिणी आजकाल मिळत नाहीत. या प्रसंगानंतर तर नाहीच मिळायच्या.

"दादा!!" सकाळी फोनवर किंकाळी ऐकू आली. "तू त्या मुलांना काय केलंस?"

"काय केलं? दाढा भरल्या."

"व्हिडिओ बघितलेस तू?"

"मीच काढलेत, बघायचे काय?"

"आत्ता बघ."

बघितले. मला तर काहीच वावगं दिसलं नाही. दोन वेण्यांवालीचा अर्धा चेहरा खाली लोंबत होता, ओठाच्या कडेनं लाळ गळत होती, डोळे पाण्यानं भरलेले, आणि ती पुस्तक छातीशी धरून कसंबसं म्हणत होती, "खू-ऊ-प आवलं." तिच्यानंतरच्या मुलाच्या गालात कापसाचा बोळा होता. तो नुसतीच जोरजोरात मान हलवत होता आणि मागून हातमोजा घातलेला एक हात त्याची हनुवटी धरून होता. तिसरा तर हुंदके देत म्हणाला, "मला सगळे भाग आवडले. आता मी घरी जाऊ?"

आता काय सांगू? बधिर करायचं इंजेक्शन दिलं की तास-दोन तास तोंड असंच राहतं. वीस वर्षं मी हीच तोंडं बघतोय. मला ती नॉर्मल वाटतात!

"प्रकाशकांनी विचारलंय, तो हातमोजा कोणाचा," टिटवी म्हणाली. "पोलिसांना कळवू का, असंही विचारलं."

"अगं, चूक झाली! आता आधी अभिप्राय, मग इंजेक्शन."

"दादा, महिनाअखेरपर्यंतच मुदत आहे. त्यानंतर ते मालिका बंद करतील."

"बंद करायला मी मेलोय का?" मी गरजलो आणि फोन ठेवला. पोरीनं सगळा जीव ओतला होता त्यात, आणि मी त्यावर लाळ सांडून ठेवली होती.

नवी पद्धत सुरू झाली आणि वेगळाच घोळ झाला. आधी वाचायचं, मग बोलायचं, मग दात दाखवायचे, असं ठरल्यावर मुलं पहिल्या पायरीवरूनच हलेनात!

आमच्या सिस्टर म्हणजे दवाखान्याचा कणा. मोठ्या-मोठ्या गृहस्थांना त्या दंडाला धरून खुर्चीत बसवतात. पण त्यांनी दारातून नंबर पुकारला की आतून आवाज यायचा, "एकच पान राहिलंय!" ज्यांचे दात झाले ती घरी जाईनात. ज्यांचे झाले नव्हते ती आत येईनात. आया ताटकळत उभ्या, बाबा दारात उभे, आणि मी आत हात धुऊन धुऊन बसलेला.

त्यात दोन वेण्यांवाली रोजच यायला लागली. आज वरची दाढ दुखते, उद्या खालची दुखते, परवा पुढचा दात ठणकतो. मी तोंडात आरसा घालून बघावं तर दात मोत्यासारखे!

"कुठे दुखतंय गं?"

"आता थांबलं. तिसऱ्या भागाचं शेवटचं प्रकरण वाचलं की परत दुखेल बहुतेक."

तिच्याबरोबर तिच्या वर्गातली आणखी मुलं दुखरे दात घेऊन यायला लागली. असा दातदुखीचा साथरोग मी पुस्तकातही वाचलेला नव्हता. आणि सगळ्यांत नवल म्हणजे मी हात धुतले की खुसखुस. तीनदा खाकरलो की खसखस. आणि "नुसतं बघतो" म्हटलं की खोलीत हास्याचा नुसता स्फोट! एक चष्मेवाला मुलगा तर खुर्चीतून घरंगळून खाली पडला.

रात्री जेवताना मी बायकोला म्हटलं, "मुलं खूश आहेत माझ्यावर. माझी विनोदबुद्धी फार सूक्ष्म आहे, हे मोठ्यांना कळलं नाही, लहानांना कळलं."

बायकोनं पदराआड, म्हणजे ओढणीआड, तोंड लपवलं. "अहो, टिटवीची पुस्तकं वाचलीत का?"

"वाचेन गं. आधी मालिका वाचवू दे, मग मालिका वाचतो."

"वाचाच एकदा," ती म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. टिटवीला मी हे सांगितलं तर ती घाईघाईनं म्हणाली, "नको नको, तू कशाला वाचतोस? तुला कुठे वेळ आहे!" किती काळजी भावाची!

ते असो. अभिप्राय या खेपेला खणखणीत मिळाले. कोरडे, ताठ, दोन्ही गाल जागच्या जागी. चष्मेवाला म्हणाला, "राजकन्या फार झोपते, पण उठल्यावर मस्त भांडते." एक म्हणाली, "आरसा आमच्या आजोबांसारखा कुरकुरतो, म्हणून आवडला." एकानं पुस्तकात नकाशा नाही म्हणून गुण कापले. आणि दोन वेण्यांवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चौथ्या भागात राक्षस खिडकीतल्या मुलीसमोर येऊन उभा राहतो आणि पुस्तक संपतं! हा अन्याय आहे. पाचवा भाग नाही आला तर मी मोठी होऊन जाईन, मग कोण वाचणार?"

"आणि सगळ्यांत जास्त कोण आवडलं?" मी फोनमागून विचारायचो.

"राक्षस!" सगळ्यांचं एकच उत्तर. आणि उत्तर देताना सगळी माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायची.

व्हिडिओ गेले. मी विजयी मुद्रेनं फोनची वाट बघत बसलो.

फोन आला. टिटवीचा आवाज अगदी बसलेला होता. "ते म्हणतात, मुलं पढवलेली आहेत. सगळी कॅमेऱ्याच्या मागे कोणाकडे तरी बघून हसतायत. आणि सगळ्यांना नेमका राक्षसच कसा आवडतो, जो त्यांना पटत नाही? हे जमवून आणलंय म्हणतात. राक्षस काढून नव्यानं लिहा, नाहीतर विषय संपला."

"मग?"

"मग काय. मी नाही म्हणून सांगितलं. संपलं, दादा."

मी फोन हातात धरून खुर्चीत बसलो. माझ्या पेशंटच्या खुर्चीत. तिथून छत किती भयाण दिसतं ते त्या दिवशी कळलं. मला खरोखर वाईट वाटलं. बाहेर मुलं पुस्तकांत डोकी घालून खिदळत होती, आणि ज्या बाईनं त्यांना हसवलं ती घरी डोळे पुसत होती. आणि मी, मुलांना बोलतं करणारा गावातला एक नंबरचा माणूस, मोठ्या माणसाला एक साधी गोष्ट पटवू शकलो नव्हतो.

इकडे त्या मोठ्या माणसाच्या मनात शंका सलत होती. हे मला नंतर कळलं. पढवलेली मुलं इतकी मनापासून हसतात का, हे एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून प्रकाशकमहाशय कोणालाही न सांगता दवाखान्यात येऊन थडकले. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सिस्टरांनीही नव्हतं.

"मला डॉक्टरांना भेटायचंय," ते दारात म्हणाले.

"बसा. काय होतंय?"

"मला काही होत नाहीये. माझे दात ठणठणीत आहेत. मी नुसता चौकशीला आलोय."

आता सिस्टरांनी हे वाक्य किती वेळा ऐकलंय! दारापर्यंत आलेला प्रत्येक मोठा माणूस शेवटच्या क्षणी हेच म्हणतो. एक तर मीटर बघायला आलोय म्हणाला होता आणि त्याच्या तीन दाढा निघाल्या.

"हो हो, चौकशीच करायचीय," सिस्टर प्रेमळपणे म्हणाल्या आणि त्यांचा दंड धरला.

"अहो बाई, मी प्रकाशक आहे!"

"दात सगळ्यांनाच असतात," सिस्टर म्हणाल्या.

महाशय खुर्चीत आले, गळ्यात कागदी लाळेरं आलं, खुर्ची मागे कलली, डोक्यावर दिवा लागला. मी बेसिनपाशी पाठमोरा होतो. मन टिटवीच्या विचारात होतं. हात आपोआप धुतले गेले. मी तीनदा खाकरलो. गुणगुणत वळलो, दिव्याखाली वाकलो आणि म्हणालो,

"घाबरायचं नाही. काही दुखणार नाही. नुसतं बघतो!"

गृहस्थांचे डोळे एकदम विस्फारले. "पुन्हा म्हणा," ते पुटपुटले.

"नुसतं बघतो. तोंड मोठ्ठं उघडा. अजून मोठ्ठं..."

"शाब्बास!!" दारातून मुलांचा एकसुरात आवाज आला. दोन वेण्या, चष्मा, सगळी पलटण दाराच्या फटीत जमली होती, आणि माझा पुढचा शब्द त्यांनी माझ्याआधी म्हटला होता!

"राक्षस!" खुर्चीतले गृहस्थ ओरडले. "अहो, हा तर राक्षस आहे! हुबेहूब! तो हात धुतो, तो खाकरतो, हेच वाक्य म्हणतो! चार वेळा मी या वाक्यावर लाल रेघ मारली, असं कोणी बोलत नाही म्हणून!" आणि ते असे हसायला लागले की लाळेरं उडून माझ्या चष्म्यावर बसलं. मुलं हसली. सिस्टर हसल्या. आया हसल्या. मी तेवढा मधोमध आरसा हातात धरून उभा होतो. काय चाललंय ते न कळलेला मी एकटाच!

पण धंदा तो धंदा. हसताना त्यांचं तोंड आयतं उघडलं होतं. मी बघून घेतलं. खालची डावी दाढ चांगलीच किडली होती.

ती भरून झाल्यावर त्यांनी तिथूनच टिटवीला फोन लावला. गाल बधिर, ओठ वाकडा, लाळ गळतेय. "म्यॅडम," ते म्हणाले, "राक्श राहील. त्याचा एक शब्द बदलू नका. पाचवा छापतोय." फोनमधून आलेली किंकाळी ड्रिलपेक्षा मोठी होती. मुलांनी उड्या मारल्या. दोन वेण्यांवालीनं तर मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आता माझे दात खरंच दुखणार नाहीत."

त्या संध्याकाळी मी दवाखाना बंद करून चारही भाग वाचले. बायको तोंडावर उशी धरून समोर बसली होती.

राक्षस पांढरा झगा घालतो. कपाळावर दिवा लावतो. माणूस दिसला की आधी हात स्वच्छ धुतो. तो गुणगुणतो ती चाल बेसूर असते, पण त्याला ते कोणी सांगत नाही. तो पाहुण्याला मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवतो. आणि जाताना बजावतो, "आता दोन तास काही खायचं नाही!" माझी अख्खी कारकीर्द, रंगीत चित्रांसह!

मी तडक टिटवीला फोन केला. "मी राक्षस?"

टिटवी गप्प, हा प्रसंग ऐतिहासिकच! मग ती हळूच म्हणाली, "दादा, चार भागांत त्यानं किती जणांना खाल्लं?"

मी आठवून बघितलं. पानं उलटून बघितली. "कोणालाच नाही."

"तो खरंच नुसता बघतो. आणि ज्याचं दुखत असतं त्याचं थांबतं. म्हणून मुलांना तो आवडतो. आणि म्हणूनच तो मला काढायचा नव्हता."

मी पुस्तक मिटलं. तीनदा खाकरलो. पलीकडून टिटवी आणि अलीकडून बायको, दोघी एकदम हसल्या.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता नवं वाक्य. शिकलेल्या माणसानं स्वतःचं हसू किती करून घ्यायचं? एक चिमुरडी खुर्चीत बसली, मी रुबाबात म्हणालो, "नमस्कार. तपासणी सुरू करू या."

तिनं तोंड घट्ट मिटलं. काही केल्या उघडेना. शेवटी दातांवर दात ठेवून म्हणाली, "आधी ते म्हणा."

मी दाराकडे बघितलं. सिस्टरांनी समंजसपणे पाठ फिरवली. मी म्हटलं. गुणगुणण्यासकट!

पाचवा भाग आला. मागच्या कव्हरवर मुलांचे अभिप्राय छापले होते, नकाशाची तक्रारसुद्धा. सगळ्यांत शेवटी ठळक अक्षरांत होतं: 'राक्षस अगदी खरा. स्वतः अनुभव घेतला आहे.' आणि खाली सही होती, 'एक वाचक, खालची डावी दाढ.'

या वेळी मी आळस केला नाही. पुस्तक हातात पडताच आतून वाचायला घेतलं. बायकोही खांद्यावरून वाचत होती, आधीपासूनच हसत. पहिलं प्रकरण झालं. दुसऱ्या प्रकरणात राक्षसाच्या घरी एक राक्षसीण होती. नवऱ्याच्या प्रत्येक बोलण्यावर ती ओढणीआड तोंड लपवायची, मग पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळायची, आणि रोज रात्री जेवताना विचारायची, "अहो, वाचलंत का?"

माझ्या खांद्यामागचं हसू एकदम थांबलं.

मी मागे वळलो. नुसतं बघितलं.